शेळ्या-गायींसाठी जाळीचं कुंपण आणि फाटक: सोबतीला बारा वर्षांचा भाचा

रानवाट (प्रश्न)

४२ बाय २४ मीटरचा चौकोन कुंपणात घ्यायचा आहे. आत दहा-बारा शेळ्या, त्यांची करडं आणि दोन गायी राहतील. सध्या काटेरी तारेचे चार पदर आहेत, खांब लोखंडी अँगलचे. दोन कोपऱ्यांचे खांब आत झुकलेत, तारा लोंबतायत, करडं खालून सरळ बाहेर येतात. हे काढून १.२ मीटर उंचीची चेनलिंक जाळी लावायची आहे. ट्रॅक्टर-ट्रॉली आत जायला हवी, म्हणून फाटक ३.६ मीटरचं. जमीन अर्धी मुरमाड, अर्धी काळी.

मदतीला बारा वर्षांचा भाचा आहे. हौशी आहे. त्याला नुसतं "हे धर, ते आण" करत पळवायचं नाही, काम शिकवायचं आहे.

विचारायचं असं: खांब पुन्हा झुकू नयेत म्हणून नेमकं काय करावं? सामान किती लागेल? आणि पोराला कोणतं काम द्यावं, कोणतं अजिबात देऊ नये?

---

ओळंबा

कोपऱ्याचा खांब बारीक म्हणून झुकला असं क्वचित घडतं. बहुतेक वेळा टेकू चुकलेला असतो. ताणलेली तार खांबाला रात्रंदिवस कुंपणाच्या रेषेत ओढत असते, आणि कोपऱ्यावर दोन रेषा भेटतात म्हणजे ओढही दोन दिशांची. तिथे दोन टेकू लागतात, प्रत्येक रेषेत एक. पुष्कळ जण कर्णाच्या दिशेने आत एकच टेकू देतात. पहिली बाजू ताणायला घेतली की तो खांबाला पीळ देतो आणि दुसरी बाजू ताणेपर्यंत खांब ओळंब्यातून गेलेला असतो.

दुसरी चूक टेकूच्या कोनाची. टेकूचा पाय खांबाच्या फार जवळ रोवला तर टेकू उभट होतो, आणि उभट टेकू ओढ अडवण्याऐवजी खांबाला जमिनीतून वर उपसतो. वरचं टोक जमिनीपासून ९० सेमीवर आणि पाय खांबापासून १.२ मीटरवर ठेवा. मधला तिरका तुकडा बरोबर १.५ मीटर येतो. हा ३-४-५ चाच त्रिकोण आहे, भाच्याला टेप धरून मोजू द्या. जमिनीत जाणारा भाग धरून टेकू २ मीटरचा कापा. पायाखाली काँक्रीट घाला आणि पायामागे न खोदलेली घट्ट जमीन राहील असा खड्डा काढा. उकरलेल्या भुसभुशीत मातीला टेकलेला टेकू पहिल्या ताणातच मागे सरकतो.

आखणीही त्याच हिशेबाने करा. एका बाजूला दोरी बांधून कोपऱ्यापासून ६ मीटरवर खूण, दुसऱ्या दोरीवर ८ मीटरवर खूण. दोन खुणांतलं अंतर १० मीटर आलं की कोपरा काटकोनात. चारही खुंट्या ठोकल्यावर दोन्ही कर्ण मोजा, दोन्ही ४८.३७ मीटर यायला हवेत. ५ सेमीपर्यंतचा फरक चालेल. २० सेमी आला तर एक खुंटी सरकवा, पुढे गेल्यावर ही चूक निस्तरत नाही.

सामान: फाटक २४ मीटरच्या बाजूला, कोपऱ्याला लागून ठेवा. जनावरं हाकताना कुंपणाच्या कडेने सरकत कोपऱ्यात येतात. फाटक तिथेच असलं की कमी माणसांत काम होतं. खांब ३ मीटरवर धरले तर ४२ च्या दोन बाजूंना मधले २६, मागच्या बाजूला ७, फाटकाच्या बाजूला उरलेल्या २०.४ मीटरमध्ये ६ (तिथे अंतर २.९ मीटर येईल). एकूण मधले खांब ३९. शिवाय चार कोपरे आणि फाटकाचा एक, असे पाच जाड खांब. टेकू आठ: तीन कोपऱ्यांना दोन-दोन, फाटकाजवळच्या कोपऱ्याला एकच (दुसऱ्या बाजूला तार नाही, ओढही नाही) आणि बिजागरीच्या खांबाला एक.

मधले खांब आणि टेकू मिळून ४७ तुकडे, प्रत्येकी २ मीटर, ३५×३५×५ मिमी अँगल. ६ मीटरच्या एका बारमधून तीन निघतात, वाया काही जात नाही. १६ बार घ्या. कोपऱ्यांना ६५×६५×६ चा अँगल, २.४ मीटर लांब. जाळीची रेषा १२८.४ मीटर भरते. गुंडाळी १५ मीटरची असेल तर ९ लागतील. वर, मध्ये आणि खाली अशा तीन आडव्या ताणतारा हव्यात, त्यांना ३.१५ मिमीची गॅल्वनाइज्ड तार सुमारे ४०० मीटर, वजनाने २५ किलो. बांधायला १६ गेजची गॅल्वनाइज्ड तार साडेतीन किलो. बांधकामावरची काळी बाइंडिंग तार वापरू नका. ती लवकर गंजते आणि मग जाळी नुसती टेकून उभी राहते. अँगलला भोकं आधीच पाडून आणा: जमिनीपासून ५, ६० आणि ११८ सेमीवर.

जाड खांबांचे खड्डे ४० सेमी चौरस, ९० सेमी खोल. टेकूंचे ३० सेमी चौरस, ४५ खोल. दोन्ही मिळून काँक्रीट साधारण एक घनमीटर. १:२:४ ने सिमेंटच्या ७ गोण्या, वाळू अर्धा घनमीटर, खडी एक घनमीटर. मुरमात मधले खांब ६० सेमी खोल रोवून दगड-मुरूम १५-१५ सेमीच्या थरांनी पहारेने ठासले तरी घट्ट बसतात, मात्र अँगलच्या तळाला १५ सेमीचा आडवा तुकडा जोडा, नाहीतर तो जागच्या जागी फिरतो. काळ्या मातीत ठासण्यावर विसंबू नका. ती फुगते, भेगाळते, खांबाला दरवेळी थोडा थोडा वर ढकलते. तिथे ७५ सेमी खोल जा, खड्डा तळाशी वरच्यापेक्षा रुंद काढा आणि काँक्रीट भरा. खड्ड्याचं तोंड वर रुंद आणि तळ निमुळता झाला तर फुगणारी माती तो गोळाच पाचरीसारखा उचलते. मधल्या खांबांच्या या काँक्रीटचं सिमेंट वरच्या हिशेबात नाही, ते वेगळं धरा.

काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा. तोपर्यंत तार ताणायची नाही, फाटक टांगायचं नाही. पहिला कोपरा झुकण्याचं हेही एक मोठं कारण असतं: तिसऱ्या दिवशी वरून कडक लागतं म्हणून ताण देतात आणि आतून काँक्रीट अजून कच्चं असतं.

तार ताणण्याची वेळही बघा. ४२ मीटर लांबीच्या तारेत २५ अंशांच्या फरकाने सुमारे सव्वा सेंटिमीटरचा बदल होतो. ऐन उन्हात टणक ताणलेली तार पहाटे आणखी आवळते आणि तो ताण कोपऱ्यावर जातो. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास ताणलेली बरी. आधी वरची तार ताणा, मग खालची, मग मधली. वरची ताणून झाली की लगेच कोपऱ्याला ओळंबा लावा. तो हलला असेल तर पुढे जाऊ नका, टेकू दुरुस्त करा.

---

गोठा-अंगण

कोपऱ्यांबद्दल वर आलंच आहे. मी पोराच्या कामाबद्दल लिहिते, कारण रानवाट, तुमच्या प्रश्नातला तो भाग मला फार मोलाचा वाटला.

बारा वर्षांच्या मुलाला पुरं काम द्या, तुकडे नकोत. आखणी, खड्ड्यांच्या खुणा फक्कीने मारणं, प्रत्येक खांबाला दोन बाजूंनी ओळंबा लावून "चालेल" किंवा "डावीकडे" सांगणं, ही कामं त्याच्याकडे सोपवा. त्याने "डावीकडे" म्हटलं की तुम्ही खांब डावीकडे घ्यायचा. त्याचा शब्द न मानता तुम्ही स्वतःच पुन्हा डोळा लावलात तर तिसऱ्या खांबानंतर त्याचं लक्ष उडेल. चूक वाटली तर ओळंबा त्याच्याच हातात देऊन पुन्हा बघायला लावा.

जाळी बांधणं हेही त्याचंच काम. वरच्या तारेला दर ४५ सेमीवर, मधल्या-खालच्या तारेला दर ६० सेमीवर आणि शिवाय खांबांना, असे मिळून सुमारे ९०० पीळ होतात. पीळ कसा घालायचा ते एकदा सावकाश दाखवा: २० सेमीचा तुकडा दुमडून जाळी आणि ताणतार दोन्हींभोवती घ्यायचा, दोन्ही टोकं पकडीत धरून आधी स्वतःकडे ओढायचं, ओढ तशीच ठेवून मग फिरवायचं. साडेतीन वेढे. न ओढता फिरवलं तर पीळ घट्ट दिसतो पण आत ढिला राहतो. जास्त फिरवलं तर तारेची चकाकी जाऊन ती पांढुरकी पडते आणि पुढच्या अर्ध्या वेढ्यात तुटते. ती पांढुरकी खूण त्याला डोळ्यांनी ओळखू द्या. पहिले दोन-चार पीळ मुद्दाम तुटेपर्यंत फिरवू द्या, म्हणजे कुठे थांबायचं ते हाताला समजेल. उरलेलं टोक दुमडून खाली, जनावरांच्या विरुद्ध बाजूला वळवायचं. वर राहिलेलं टोक गायीच्या कासेला आणि शेळीच्या डोळ्याला लागतं.

गुंडाळ्या जोडायलाही तो लागेल. एका गुंडाळीच्या कडेची एक नागमोडी तार वरची-खालची गाठ उघडून मळसूत्रासारखी फिरवत बाहेर काढायची. दोन्ही गुंडाळ्यांच्या कडा शेजारी धरून तीच तार वरून फिरवत दोन्हींच्या चौकटींतून खाली उतरवायची. तुम्ही कडा धरा, फिरवू द्या त्याला. मध्ये अडली तर एखादी चौकट सुटलेली असते, जोर लावून उपयोग नाही, मागे फिरवून घ्यावी.

आता काय द्यायचं नाही. पुलर (तार ओढायचं साधन) आणि टर्नबकल (फिरवून तार आवळायचा मळसूत्री जोड), म्हणजे ताण देण्याचं कोणतंही काम नाही. ताण चालू असताना त्याची जागा ठरलेली: तारेच्या रेषेत कधीच नाही, खांबाच्या पलीकडे आणि तार सुटून पोहोचेल त्याहून दूर. तुटलेली तार ज्या टोकाला बांधलेली असते तिकडे परत झेप घेते. जुनी काटेरी तार काढणंही तुमचंच काम. ती गंजलेली असते, तोडताच दोन्ही टोकं उसळतात. तोडण्याआधी कापायच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तार बुटाखाली दाबून धरायची. ग्राइंडर, वेल्डिंग, पहारेने ठासणं हेही नाही. ओलं काँक्रीट त्याच्या कातडीला लागू देऊ नका, भाजल्यासारखे फोड येतात आणि लगेच दुखत नाही म्हणून कळत नाही. लागलं तर ताबडतोब भरपूर पाण्याने धुवा.

हातमोजे त्याच्या मापाचेच आणा. मोठ्या माणसाचे मोजे घातलेलं बोट पकडीत सापडतं. डोळ्याला चष्मा, तार हाताळतानाच्या प्रत्येक कामाला, दोघांनाही. तुम्ही नाही घातलात तर तोही काढून ठेवील.

---

रानवाट

ओळंबा, ताई, दोघांचे आभार. टेकूंची चूक नेमकी तीच आहे, दोन्ही कोपऱ्यांना कर्णावर एकेकच टेकू आहे.

फाटकाचं विचारतो. जुनं फाटक एकाच पल्ल्याचं, मोकळं टोक खाली आलंय. चौकटीला तिरका आधार आहे: खालच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून वरच्या मोकळ्या कोपऱ्यापर्यंत तारेचे चार पदर, पिळून घट्ट केलेले. तरी झुकलं. पीळ आणखी आवळला तर उलट जास्तच खाली येतं. असं का?

---

बिजागरी

तार उलट्या कर्णावर बसवली आहे म्हणून.

फाटक मोकळ्या टोकाशी खाली येऊ लागलं की चौकट तिरपी होते. तेव्हा एक कर्ण लांबतो आणि दुसरा आखूड होतो. वरच्या बिजागरीपासून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जाणारा लांबतो. खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्याकडे जाणारा आखूड होतो. तार फक्त ओढ सोसते. आखूड होणाऱ्या कर्णावर ती नुसती ढिली पडते, आणि तिला आवळलं की तो कर्ण आणखी आखूड होऊन फाटक अजून खाली येतं. तुमचं तेच चाललंय. त्या कर्णावर पाइप हवा, कारण पाइप दाब सोसतो. तार लावायची असेल तर वरच्या बिजागरीच्या कोपऱ्यापासून खालच्या मोकळ्या कोपऱ्याकडे, मध्ये टर्नबकल घालून.

भाच्याला हे शब्दांत सांगत बसू नका. चार काठ्यांची चौकट करून कोपऱ्यांना एकेक खिळा मारा, एक बाजू उभी धरून मोकळं टोक दाबायला सांगा आणि दोन्ही कर्णांवर सुतळी लावून बघा. एक सुतळी ताणते, दुसरी लोंबते. पाच मिनिटांत कळेल.

आता खांबावर किती ओढ येते ते बघा. ३.५ मीटरचा पल्ला जाळीसकट ५० किलो धरला, बिजागऱ्यांमध्ये ९० सेमी अंतर ठेवलं, तर वरच्या बिजागरीवर आडवी ओढ सुमारे ९७ किलोची येते. त्याच्या मोकळ्या टोकाला ३५ किलोचं पोर लोंबकळलं की आणखी १३६ किलो. फाटकावर झोके घेऊ नयेत याचं कारण हे आहे, आणि हा हिशेब तो स्वतः करू शकतो.

म्हणून माझं मत एकाच मोठ्या पल्ल्याच्या विरुद्ध आहे. २.४ आणि १.२ असे दोन पल्ले करा. मोठ्या पल्ल्याची ओढ निम्म्याहून खाली येते, आणि रोजची ये-जा छोट्या पल्ल्यातून होते. मोठा पल्ला बिजागरीच्या जाड खांबाला, छोटा कोपऱ्याच्या खांबाला. मोठ्या पल्ल्याला जमिनीत उतरणारा अडसर लागेल. त्यासाठी ३० सेमीचा पाइप जमिनीत उभा रोवा, तळ उघडा ठेवून खाली खडी भरा, म्हणजे पाणी साचणार नाही.

बिजागरीचा खांब १०० मिमी पाइपचा घ्या, २.४ मीटर लांब, एक मीटर काँक्रीटमध्ये. म्हणजे या एका खड्ड्याची खोली वर लिहिलेल्या ९० ऐवजी एक मीटर. इथे एक गोष्ट पुष्कळ जण विसरतात. फाटक बंद असताना त्याची ओढ आणि कुंपणाची ओढ समोरासमोर असतात, खांब निवांत दिसतो. फाटक काटकोनात उघडलं की ओढ कुंपणाला आडवी जाते आणि त्या दिशेला टेकू नसतोच. तिथे खांबाला फक्त खोली आणि काँक्रीट सांभाळतं. म्हणून या एका खड्ड्यात काटकसर करू नका.

बिजागऱ्यांच्या खुंट्या: खालची वर तोंड करून, वरची खाली तोंड करून. दोन्ही वर तोंड करून ठेवल्या तर गाय मान खाली घालून फाटक सहज उचलून काढते. उलटसुलट खुंट्यांमध्ये फाटक बसवायला वरची खुंटी नट-बोल्टची ठेवा, पल्ला खालच्या खुंटीवर बसवून मग वरची कसायची. टांगताना मोकळं टोक २ सेमी वर ठेवा, पहिल्या काही दिवसांत तेवढं ते बसतं. जमिनीपासून फट ८ सेमी, त्याहून जास्त ठेवली तर करडू डोकं घालतं. फाटकाखाली काँक्रीटची २० सेमी रुंद पट्टी ओता. नाहीतर ट्रॉलीच्या चाकांनी चर पडतो आणि ८ ची फट १५ होते.

फाटक आत उघडणारं करा आणि बाहेरच्या अंगाला थोपणारा अँगल लावा, म्हणजे जनावरांनी रेटलं तरी जोर त्या अँगलवर जातो, कडीवर नाही. नुसती सरकती कडी शेळ्या ओठांनी उघडतात. साखळी आणि स्प्रिंगचा हुक लावा, तोही बाहेरून.

---

ओळंबा

बिजागरी यांच्या दोन पल्ल्यांना माझाही दुजोरा. मात्र छोटा पल्ला ज्या कोपऱ्याच्या खांबावर येणार तो आता ६५ च्या अँगलऐवजी पाइपचाच घ्या, आणि तोही खड्डा एक मीटर खोल काढा. तिथे कुंपणाच्या रेषेतला टेकू एकच आहे.

जाळी ताणल्याची खूण लिहायची राहिली. जाळीच्या कडेच्या चौकटींतून १२ मिमीची सळई उभी ओवा आणि सळईला वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी धरून सारखी ओढा. एकाच जागी ओढली तर तिथल्या चौकटी लांबट होतात आणि खालची कड सैल राहते. एका चौकटीच्या समोरासमोरच्या दोन तारा चिमटीत दाबून बघायच्या. ५-६ मिमीपेक्षा जास्त जवळ येत नसतील तर ताण पुरेसा. हे भाच्याने दर खांबामागे एकदा, वर आणि खाली दोन्हीकडे तपासावं.

जाळी खांबांच्या आतल्या बाजूला, जनावरांकडे. शेळ्या पुढचे पाय टेकवून उभ्या राहतात तेव्हा जोर खांबांवर पडला पाहिजे. बाहेरून लावली तर तो सगळा जोर त्या ९०० पिळांवर जातो.

---

गोठा-अंगण

एक काम बांधणीइतकंच महत्त्वाचं आहे. तोडलेल्या तारेचे तुकडे. गाय चारा ओठांनी निवडून खात नाही, जिभेने ओढून गिळते. ३-४ सेमीचा तुकडा पोटात गेला की तो जाळीपोटात, म्हणजे गायीच्या पोटाच्या चार कप्प्यांपैकी एकात, अडकतो. जाळीपोटापुढे फक्त पातळ पडदा आणि त्यापलीकडे हृदय. पोट आकुंचन पावताना टोक पुढे सरकतं. गाय चारा सोडते, पाठ बाकदार करून उभी राहते, उठता-बसता कण्हते. तोवर उशीर झालेला असू शकतो.

म्हणून भाच्याच्या कमरेला पहिल्या दिवसापासून एक डबा बांधा. जो तुकडा तोडेल त्याने तो लगेच डब्यात टाकायचा, खिशात नाही, जमिनीवर नाही. पिळांसाठी तुकडे मोजूनच कापायला सांगा, शंभरच्या जुड्या करून. संध्याकाळी उरलेले मोजले की हरवले किती ते कळतं. जुनी काटेरी तार निघाली तिथे विशेष बघा, गंजलेले काटे मातीच्याच रंगाचे असतात आणि डोळ्यांना दिसत नाहीत. दोरीला बांधलेलं मोठं लोहचुंबक त्या रेषेवरून दोन्ही दिशांनी, जमिनीला जवळजवळ टेकवून, हळूहळू ओढत न्या. त्यावर काही चिकटलं तर पुन्हा एक फेरी, आणि सलग दोन फेऱ्या रिकाम्या जाईपर्यंत गायी आत सोडू नका.